आठ दिवस पळीला हात नाही

१९ एप्रिल १९५४, सोमवार. चांदा.

ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती. फेकून देण्यापेक्षा आजपासून त्यात रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. मोठ्या माणसांना ही सवय असते.

आज ऐतिहासिक निर्णय घेतला. मे महिन्यात आठ दिवस रजा, आलापल्लीच्या पुढे जंगलात लाकडी बंगला आहे तिथे मुक्काम, आणि सौ.ला संपूर्ण विश्रांती. खास आचारी ठेवणार. आठ दिवस तिने पळीला हात लावायचा नाही. हे शेजारच्या अलोण्यांसमोर मुद्दाम मोठ्याने जाहीर केलं, म्हणजे मागे फिरायची सोयच नको.

कारण असं. मार्चात आमच्या लेकीचं, वच्छलेचं लग्न झालं. पाहुणे गेल्यावर सौ. चुलीपुढे भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बावीस वर्षं झाली, मी साऱ्यायले वाढून राह्यली. मले पाटावर बसवून गरम गरम कोनी वाढलं नाई." एवढं बोलून उठली आणि भांडी घासायला गेली. मला ते लागलं. महिनाभर लागून राहिलं. मी आतून फार हळवा आहे. हेडक्लार्क असल्यामुळे ऑफिसात ते दाखवता येत नाही.

निर्णय ऐकून सौ. म्हणाली, "पाहू." काशीयात्रा आणि भिंतीवरचं घड्याळ याही वेळी ती हेच म्हणाली होती. ती प्रकरणं वेगळी. ती प्रलंबित आहेत, रद्द नाहीत.

मग म्हणाली, "हेबी नाई जमलं तं यापुढं मले काही कबूल करू नका, गुणवंतराव." रागावली की ती नावाने हाक मारते. पण रागाचं कारणच उरणार नाही.

२४ एप्रिल, शनिवार

आचारी शोधमोहीम. नागपूरचा एक खानसामा, साहेबलोकांकडे वीस वर्षं होता म्हणे. त्याला इंग्रजीत पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर माझ्या पत्राहून चांगल्या इंग्रजीत आलं. बर्फ मिळेल का? विजेचा पंखा आहे का? हाताखाली किती माणसं? असल्या उद्धट माणसाला मी नाकारलं. पत्राच्या शेवटी त्यानेही नाकारलं होतं, पण माझं नाकारणं आधीचं.

दुपारी बल्लारपूरचा आचारी आला. लग्नाच्या पंगतींत नाव काढलेला. दोघांचा स्वयंपाक म्हटल्यावर विचारात पडला. म्हणाला, "पाचशेच्या खाली माह्या हाताले अंदाज नाई बाबू. दोघायले मीठ किती लागते?" प्रामाणिक माणूस. चहा पाजून पाठवला.

३० एप्रिल, शुक्रवार

प्रश्न सुटला! बंगल्याचा चौकीदार डोमा याचं कार्ड आलं. अक्षर डेपोतल्या कारकुनाचं. "लालसू नावाचा मानूस हाय. जंगलसायबाच्या कॅम्पावर सैपाक करते. हाताले चव हाय. बोलत नाई जास्त."

न बोलणारा आचारी! असा माणूस तर मी ऑफिसातही शोधतोय.

रात्री बसून आठ दिवसांचा मेनू केला. फुलस्केपवर, तीन प्रती. एक लालसूला, एक भिंतीवर, एक फाइलला. रोज दुपारी आमरस. आमरस हा या योजनेचा कणा आहे. बंगल्याच्या आवारात आंब्याची सात झाडं आहेत असंही कार्डात होतं. म्हणजे चांद्याहून करंडी वाहायला नको. अशा बारीकसारीक गोष्टी सुचतात म्हणून माणूस हेडक्लार्क होतो.

५ मे, बुधवार. अक्षय तृतीया.

पितरांचं पान. सौ.ने रसाचा गंज झाकून ठेवला होता. सहज बोट बुडवून पाहिलं, गोडी कशी आहे ते. लगेच ओरडली, "वरच्या मानसायच्या आधी तुमी? लाज नाई वाटत?" आमची आईही अशीच होती. तिजेला पान टाकल्याशिवाय घरात आंब्याची फोड कापली जात नसे. एकदा मी चोरून खाल्ली तर दिवसभर उपाशी ठेवलं होतं.

शिस्त मला आवडते. माझ्या आयुष्यात शिस्त आली ती अशा बायकांमुळेच.

८ मे, शनिवार. रात्री आलापल्ली.

पहाटेची गाडी, मग बस. आष्टीला डोंग्याने वैनगंगा ओलांडली. पुढे लाकडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. अंगातली सगळी हाडं मोजून झाली.

निघताना सौ.चं गाठोडं तपासलं. कणिक, तिखट, मीठ, तेल आणि पळी! मी पळी स्वतःच्या हाताने काढून घरी फळीवर ठेवली. म्हटलं, सुगंधा, आता हिचं काम नाही. तिने पळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुलूप लावलं. डोळे भरून आले होते बहुतेक. मी वळून पाहिलं नाही.

९ मे, रविवार. बंगला.

सुंदर! खांबांवर उभारलेला सागवानी बंगला, खाली सावली, समोर नदीचं पात्र. आंब्याची झाडं सात नाहीत, नऊ आहेत. फळांनी नुसती वाकलीत. काही पिकून खाली पडलेली, तशीच. उचलायलाही कोणी नाही. इथल्या लोकांना किंमत नाही.

संध्याकाळी ५. लालसूचा इंटरव्ह्यू. वीस प्रश्न काढले होते. पन्नाशीचा, काटक, कमरेला कोयता. शेजारच्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत राहतो, बायको सोमारी. भाजी येते का? येते. मासळी? येते. साहेबांच्या हाताखाली किती वर्षं? विचारात पडला, म्हणाला, "पाच सायेब झाले." साहेबावर वर्षं मोजणारा माणूस मला आवडला. प्रश्न तिसऱ्यालाच संपवले. नेमणूक पक्की.

मेनूची प्रत दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटी धरून पाहिली आणि चुलीच्या वर खोचली.

१० मे, सोमवार

सकाळ: यश! लालसूने पानात गुंडाळून निखाऱ्यावर मासळी भाजली. भाताचं एकेक शीत मोकळं. सौ. नदीवरून पाय भिजवून आली, केस मोकळे. लग्नानंतर असं पाहिल्याचं आठवत नाही. मी तिला पाटावर बसवलं, मीही बसलो. लालसू वाढत होता. सौ. चार घास खाऊन उठली आणि स्वयंपाकखोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "सवय नाई. कोनी वाढून राह्यलं तं जीव घाबरा होते." होईल सवय. आठ दिवस आहेत.

दुपार: मेनूप्रमाणे आमरस. आला नाही. विचारलं तर लालसू म्हणाला, "आंबा नाई जमत बाबू. पंडुम नाई झाला."

डोमाने खुलासा केला. नवा आंबा आधी देवाला, मग माणसाला. त्या सणाला पंडुम म्हणतात. गावाचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, दिवस धरतो. तोवर गावात कोणी आंब्याला हात लावत नाही.

बरं, दिवस कधी? गायता मंगरू पलीकडच्या गावी लग्नाला गेला आहे, म्हणे.

म्हणजे माझी एवढी योजना एका लग्नघरी अडकून बसली. लालसूला समजावलं की मी सरकारी माणूस आहे, माझ्यापुरती सूट मिळेल. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "देवाले मी काय सांगू?" माणूस कामचुकार दिसतो.

जेवण बाकी उत्तम होतं. नोंद न्यायासाठी.

११ मे, मंगळवार

कोणतंही काम अडलं की पत्र लिहावं. तीस वर्षांचा अनुभव. गायत्याला पत्र लिहिलं. जा.क्र. १. विषय: आंब्याच्या सणाची तारीख निश्चित करणेबाबत. "उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर सण दिनांक १२ रोजी उरकून घेण्याची तजवीज व्हावी." सही, शिक्का. शिक्का मी नेहमी बरोबर ठेवतो. डोमा लग्नघरी घेऊन गेला.

सौ. म्हणाली, "त्याले वाचता येते का?" प्रश्न वाचण्याचा नाही. शिक्क्याचा आहे.

ती सकाळी सोमारीबरोबर जंगलात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं वेचायला गेली होती. पदरात घेऊन आली. तोंड लाल झालं होतं उन्हाने, आणि हसत होती. आराम लागू पडतो आहे. श्रेय कोणाचं ते लिहायला नको.

१२ मे, बुधवार

उत्तर नाही. रिमाइंडर. जा.क्र. २. "तात्काळ" या शब्दाखाली दोन रेघा. डोमा पुन्हा बारा मैल. कुरकुरला नाही. तिथे लग्नाचं जेवण मिळतं असं नंतर कळलं.

दिवसभर आंबे टपटप पडत होते. वानरं बसून खातात. वानरांना पंडुम लागू नाही असं दिसतं. माझ्या खुर्चीसमोर एक पिवळाधमक आंबा पडला, फुटला, वास सुटला. मी खुर्ची फिरवून बसलो. मनोनिग्रह म्हणतात तो हाच.

१३ मे, गुरुवार, दुपारी २

लालसू घरी गेला. सौ. झोपली. डोमा रिमाइंडर घेऊन गेलेला, परतला नाही.

मी फक्त नमुना तपासण्यासाठी एक आंबा उचलला. माल पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

२.४०. सात झाले. शेवटचे पाच गंजात पिळून, बुडाशी हात घालून. या जन्मात असा रस खाल्ला नाही. कोयी पायऱ्यांखाली दडवल्या. गंज पालथा घातला. कोणाला कळणार?

१३ मे, रात्री

मुंग्यांनी सांगितलं.

पायऱ्यांखालून चुलीपर्यंत रांग लागली होती. लालसू रांगेमागे गेला, कोयी पाहिल्या, गंज उचलून हुंगला. रागावला नाही. तेच वाईट. रागावला असता तर मी रागावलो असतो. त्याने हात धुतले, पंचा खांद्यावर टाकला, सौ.पुढे जाऊन म्हणाला, "बाई, या गंजाले माझा हात नाई लागत आता. पंडुम झाला का येतो." आणि गेला. मेनू चुलीच्या वर तसाच.

मी सौ.ला म्हटलं, बघितलंस, किती हट्टी लोक! ती म्हणाली, "तिजेले आठ दिवस झाले. तुमाले तुमचे पितर ठाव हायेत ना? त्यायचे त्यायले ठाव हाय." मग ती उठली, पदर खोचला, चूल पेटवली आणि विचारलं, "पळी कुठी हाय?"

पळी चांद्यात. फळीवर.

तिने सागाची काडी तासून पिठलं ढवळलं. मी दोन वेळा घेतलं. काळजीने भूक लागते.

१४ मे, शुक्रवार

शांतपणे विचार केला. वचन काय होतं? आठ दिवस पळीला हात नाही. सौ. काडीने ढवळते आहे. पळीला हात लागलेला नाही. वचन अक्षरशः अबाधित आहे. हे तिला समजावून सांगितलं. तिने काडी हातात घेऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलेलं असावं.

उद्यापासून स्वयंपाक मी करावा असाही विचार आला. पण माणसाने आपल्या हातातलं काम सोडून दुसऱ्याच्या कामात शिरू नये.

डोमा आला. गायत्याचं उत्तर नाही. दोन्ही कागद त्याने पागोट्यात ठेवले, म्हणे.

रात्री पोटात गुरगुर.

१५ मे, शनिवार

रात्रभर सात वेळा. एका आंब्याला एक.

सकाळी ढोल ऐकू आले. आज पंडुम! मी डोमाला म्हटलं, बघ, माझ्या दुसऱ्या पत्राचा परिणाम. तो म्हणाला, नाही बाबू, लग्न झालं की तिसऱ्या दिवशी पंडुम, हे आधीच ठरलेलं होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. मग मला का सांगितलं नाही? तर म्हणाला, "तुमी कागद लिवून राह्यले होते. मध्यात काऊन बोलू?"

सोमारी सौ.ला बोलवायला आली. मला पेज ठेवून सौ. गेली. नेसायला लग्नातलं हिरवं लुगडं. मी खाटेवर. ढोल, हसणं, धूर, भाताचा वास. माझ्यापुढे वाटीत पेज.

संध्याकाळी आली. पदराला रसाचा डाग, आणि ती तो पुसतही नव्हती. खाटेजवळ बसून सांगत होती. देवापुढे आंबे ठेवले. गायत्याने काहीतरी म्हटलं. मग बायांनी तिला पानांवर बसवलं. सोमारी समोर उकिडवी बसून वाढत होती आणि प्रत्येक घासाला विचारत होती, "अजून?" "मी नाई म्हनलं तं सोमारी म्हने, 'बाई, आता तं बसली तुमी.' पोट भरून जेवली मी. पयल्यांदा." असं सांगताना सौ. रडली. मी पेज संपवली.

बावीस वर्षांत तिला "अजून?" कोणी विचारलं नाही, म्हणाली. हे मात्र खरं नाही. मी रोज विचारतो, अजून आहे का म्हणून.

असो. तिला पाटावर बसवून वाढलं गेलं. योजना माझीच होती. हेतू साध्य.

१६ मे, रविवार

सकाळी सातला लालसू हजर. पंचा कमरेला, चूल पेटवायला निघाला. आमचा ट्रक आठला. मी म्हटलं, आता काय उपयोग? तो म्हणाला, "पंडुम झाला का येतो म्हनलं होतं."

आंब्यांची टोपली आणली होती. बाईसाठी. बरोबर माझी दोन्ही पत्रं, गायत्याने नीट घडी करून परत पाठवलेली. "सरकारी कागद हाय, जपून ठेवा म्हनते." न वाचलेली. शिक्का मात्र ठसठशीत उठला आहे.

ट्रकमध्ये सौ. टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मी एक आंबा मागितला. दिला.

१७ मे, सोमवार. चांदा.

अलोण्यांनी विचारलं, कसा झाला आराम? मी तोंड उघडायच्या आत सौ. म्हणाली, "हो, झाला ना. एक दिवस." अलोणे हसले. मीही हसलो. आत काहीतरी झालं. फळीवर पळी होती तिथेच होती. तिने ती उतरवली आणि धुतली.

२३ मे, रविवार. दुपारी १.

आज शेवटचं आणि खरं. कोणालाही न सांगता, जाहीर न करता, मी स्वयंपाक केला. अलोण्यांनाही नाही. खिचडी. सकाळी नऊला लागलो. डाळ किती, तांदूळ किती हे सौ.ला विचारायचं नाही असं ठरवलं होतं, विचारलं नाही. खालून लागली, वरून थोडी कच्ची, मध्ये ठीक. मधली काढून तिच्या पानात वाढली.

पाट मांडला. रांगोळीची एक रेघ काढली, वाकडी आली. सौ.ला बसवलं. ती बसली. घाबरी झाली नाही. तिने घास घेतला, मान हलवली. मी समोर उकिडवा बसलो आणि विचारलं, अजून? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वाढा." मी वाढलं. ती हसली. जंगलातून टेंभरं घेऊन आली होती तशी. मला वाटलं, जमलं. काशी राहू दे, घड्याळ राहू दे, हे एक जमलं.

मग मीही माझं पान घेऊन तिच्या शेजारी बसलो.

रात्री ९

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. एक गोष्ट राहिली.

मी जेवत होतो. पान संपलं. मान वर न करता विचारलं, अजून आहे का? ती अर्ध्या पानावरून उठली, हात धुतले, पळी घेतली आणि मला वाढलं. मी खाल्लं. ताक मागितलं, तेही तिने आणून दिलं.

हे माझ्या लक्षात आलं ते आत्ता, लिहिताना. तिचं पान तिने झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी उभ्यानेच संपवलं.